खालून कापलेली वाक्यं

मराठी वृत्तपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

तुमच्यापैकी कुणाकडेही मी आता नोकरीला नाही, त्यामुळे हे पत्र लिहिताना पगारवाढ अडकायची भीती नाही. ३१ वर्षं मराठी दैनिकांच्या डेस्कवर काढली, त्यातली निम्म्याहून जास्त रात्रपाळीत, देश-विदेशचं पान लावत. काम ठरलेलं. वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी यायची, तिचं मराठी करायचं, दमदार ओळ इंट्रोत, म्हणजे सुरुवातीच्या परिच्छेदात, घ्यायची, मथळा दोन ओळींत बसवायचा आणि जाहिरात आली की बातमी खालून कापायची. खालून कापायचं हे पहिल्या आठवड्यातच शिकवतात. महत्त्वाचं सगळं वर असतं, शेपूट गेली तरी बिघडत नाही, असा तो हिशेब.

बातमी अपघाताची असेल, पावसाची असेल, तर हा हिशेब चालतो. एखादा पुढारी एखाद्या अतिरेकी गटाबद्दल बोललेला असेल तेव्हा मात्र तो हमखास चुकतो. कारण अशा वेळी पुढाऱ्याचं बोलणं बहुधा ‘निषेध करतो, पण…’ या घाटाचं असतं, किंवा ‘चांगलीही माणसं होती, मात्र…’ या. खालून कापलं की ‘पण’ उरतो आणि त्याच्या पुढचं जातं, नाहीतर निषेध उरतो आणि ‘पण’ जातो. आणि मग लोक वर्षानुवर्षं भांडतात, तो माणूस मुळात म्हणाला तरी काय?

मी स्वतः केलेली चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील.

ऑगस्ट २०१७. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिल गावी रॉबर्ट ई. ली या यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सेनापतीचा पुतळा हलवायचं नगर परिषदेने ठरवलं होतं. त्याच्या विरोधात शनिवारी, १२ ऑगस्टला, गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांनी मेळावा बोलावला. हाणामारी झाली, आणि मेळाव्याला आलेल्या एकाने विरोधी निदर्शकांच्या गर्दीत मोटार घातली. हेदर हायर ही ३२ वर्षांची बाई त्यात गेली. अध्यक्ष ट्रम्प त्या दिवशी म्हणाले, ‘अनेक बाजूंनी’ झालेल्या द्वेषाचा आणि हिंसेचा निषेध. ‘अनेक बाजूंनी’ वर गदारोळ झाला. सोमवारी त्यांनी कू क्लक्स क्लान ही गोऱ्यांची वर्णद्वेषी संघटना आणि निओ-नाझी, म्हणजे हिटलरचा वारसा सांगणारे, यांची नावं घेऊन निषेध वाचून दाखवला. मंगळवारी, १५ तारखेला, न्यूयॉर्कच्या ट्रम्प टॉवरमध्ये पत्रकार परिषद होती रस्ते-पुलांच्या कामांवर, आणि ती घसरली पुन्हा शार्लट्सव्हिलवर. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. स्वातंत्र्यदिनाची सुट्टी असल्याने १६ तारखेला आमचा अंकच नव्हता. १६ च्या रात्री मी १७ चं पान लावायला बसलो, तोवर ती सगळी वादावादी वृत्तसंस्थेच्या कॉपीत ‘फार चांगली माणसं’ या तीन शब्दांवर आली होती.

मी मथळा दिला: निओ-नाझींमध्येही ‘चांगली माणसं’: ट्रम्प.

छान बसला होता. वृत्तसंपादकांनी मान डोलावली. सकाळी साडेनऊला माझ्या भाच्याचा फोन आला. तो व्हर्जिनियातच असतो, रिचमंडला, आणि मामाचं पान तिकडे बसून ई-पेपरवर वाचतो. ‘मामा, पुढचं वाक्य कुठे गेलं?’ म्हणाला. मी विचारलं, कुठलं पुढचं? त्याने मला सबंध प्रश्नोत्तरं वाचायला लावली. ती त्या दिवशी पहिल्यांदा वाचली, मथळा देऊन झाल्यावर. डेस्कवरच्या माणसाला यापेक्षा जास्त लाज वाटायचं कारण नसावं.

त्यात होतं ते असं. एका वार्ताहराने म्हटलं, हे निओ-नाझींनी सुरू केलं. ट्रम्प म्हणाले, त्यांनी स्वतःला निओ-नाझी म्हणवलं नव्हतं, तिथे काही फार वाईट लोक होते, पण दोन्ही बाजूंना फार चांगली माणसंही होती. पुढे पुतळ्याचा विषय निघाला. ली यांचा पुतळा काढता, मग गुलाम बाळगणाऱ्या वॉशिंग्टन आणि जेफरसन यांचेही काढणार का, असं त्यांनी उलट विचारलं. आणि त्या ओघात ते म्हणाले की मी निओ-नाझी आणि गोऱ्या राष्ट्रवाद्यांबद्दल बोलत नाही, त्यांचा पूर्ण निषेधच व्हायला हवा, पण त्या लोकांत त्यांच्याखेरीज इतरही पुष्कळ होते.

म्हणजे माझा मथळा चूक होता. ‘निओ-नाझींमध्येही’ हे शब्द त्यांचे नव्हते, माझे होते. ‘मी त्यांच्याबद्दल बोलत नाही’ असं तो माणूस सांगत होता, आणि मी नेमकं त्यांच्याबद्दलच बोलायला लावलं.

हा खोडसाळपणा नव्हता, त्यामागे भाषेची एक अडचण होती. इंग्रजी कॉपीत शब्द होता ‘ग्रुप’. आपण बिनदिक्कत ‘गट’ लिहितो. पण मराठीत गट म्हटला की बांधलेली संघटना डोळ्यांपुढे येते: अमुकांचा गट, फुटीर गट, गटनेता, हल्ली तर बचत गट. ‘त्या गटात चांगली माणसं होती’ असं लिहिलं की वाचक समजतो, नाझी संघटनेत चांगली माणसं होती. ‘त्या जमावात’ लिहिलं असतं तर वाचक समजला असता, तिथे जमलेल्या गर्दीत काही चांगली माणसं होती. ज्या मुद्द्यावर सगळी अमेरिका भांडत होती, त्याचा निकाल मी ‘गट’ लिहून लावून टाकला, आणि दुसऱ्या कुणी ‘जमाव’ लिहून उलटा लावला असता. तीच गत ‘व्हेरी फाइन पीपल’मधल्या ‘फाइन’ची. चांगली, भली, सज्जन, सभ्य. प्रत्येकाने ट्रम्प यांना वेगळ्या पायरीवर नेऊन उभं केलं. रात्री साडेअकराला, पान सोडायची घाई असताना, एवढे निवाडे आपण करत असतो, आणि ते आपण केलेत हे वाचकाला कळतही नाही.

इथवर भाचा जिंकला. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि हे पत्र लिहायचं कारण पुढच्या भागात आहे.

त्याच पत्रकार परिषदेत एका वार्ताहराने पुन्हा विचारलं, म्हणजे वर्तमानपत्रांनी गोऱ्या राष्ट्रवाद्यांवर अन्याय केला असं तुम्हाला म्हणायचंय का? ट्रम्प म्हणाले, नाही, नाही. मी आदल्या रात्रीचं पाहिलंय, पुतळा काढायला विरोध म्हणून लोक अगदी शांतपणे निदर्शनं करत होते, आणि त्यांच्याकडे परवाना होता.

आदली रात्र म्हणजे शुक्रवार, ११ ऑगस्ट. त्या रात्री व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात बागेत लावतात तसल्या मशाली घेऊन मोर्चा निघाला होता. ‘ज्यू आमची जागा घेऊ शकणार नाहीत’ ही त्यातली घोषणा. ‘रक्त आणि माती’ ही दुसरी, आणि ती तर थेट हिटलरच्या जर्मनीतली. त्या रात्रीची चित्रफीत जगाने पाहिली आहे. दुसऱ्या दिवशीच्या मेळाव्याच्या जाहिरातींवर वक्त्यांची नावं आधीच छापली होती, आणि ती माणसं वर्णवर्चस्वाचा उघड प्रचार करणारी होती. अशा ठिकाणी निव्वळ पुतळ्याच्या प्रेमापोटी आलेली भली माणसं किती होती, मशालींच्या त्या रात्री शांतपणे निदर्शनं करणारं नेमकं कोण होतं, हे प्रश्न ‘त्यांचा निषेधच व्हायला हवा’ या वाक्याने सुटत नाहीत.

मी भाच्याला फोनवर हे म्हटलं. तो म्हणाला, ‘मामा, तो वेगळा मुद्दा झाला.’

बरोबर. वेगळा मुद्दा झाला. एक मुद्दा, माणूस काय म्हणाला. दुसरा, तो म्हणाला ते खरं होतं का. पहिल्यात भाच्याची सरशी, दुसऱ्यात माझी. आणि गेली इतकी वर्षं दोन्ही पक्षांचे लोक पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला आणि दुसऱ्याचं पहिल्याला देत आले आहेत. बायडन यांनी एप्रिल २०१९ मध्ये उमेदवारी जाहीर केली ती चित्रफीतच शार्लट्सव्हिलपासून सुरू होते, आणि ट्रम्प यांचे तेच तीन शब्द तिच्यात आहेत. ट्रम्प यांचे समर्थक त्यावर ‘निषेधाचं वाक्य कापलं’ म्हणतात आणि तिथेच थांबतात, मशालींच्या रात्रीपर्यंत येत नाहीत. जून २०२४ मध्ये स्नोप्स या पडताळणी करणाऱ्या संकेतस्थळाने निवाडा दिला की ट्रम्प यांनी निओ-नाझींना ‘फार चांगली माणसं’ म्हटलं नव्हतं. भाच्याने मला तत्काळ दुवा पाठवला, वर ‘बघ’ एवढंच. मी त्याला वर जोडलेली संपादकीय टीप पाठवली. तिच्यात संकेतस्थळाने खुलासा केला होता की आम्ही फक्त ते काय म्हणाले हे तपासलं, ते म्हणाले ते खरं होतं असा याचा अर्थ नाही. दोन दिवसांनी त्याच्याकडून अंगठा आला. आमच्या घराण्यात याला शरणागती म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं. संपादकहो, हा वाद आपल्या घरचा आहे, आणि तुमच्या-माझ्या धंद्यातल्या थोरल्या माणसावर तो शेकला होता.

३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफर्ड या न्यायाधीशाची गाडी समजून दुसऱ्याच गाडीवर बॉम्ब टाकला आणि दोन इंग्रज स्त्रिया मेल्या. १२ मेच्या ‘केसरी’त अग्रलेख आला, ‘देशाचे दुर्दैव’. ९ जूनला दुसरा, ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. या लेखांचा घाट काय होता? बॉम्ब वाईट, जे घडलं ते दुर्दैव. पण सरकारची दडपशाही नसती तर पोरं या थराला गेली नसती. या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, आणि तो सगळा या ‘पण’वर उभा राहिला. सरकार पक्षाचं म्हणणं, निषेध हा नुसता बुरखा आहे, खरा मजकूर ‘पण’च्या पुढे आहे. टिळकांचं म्हणणं, सबंध लेख वाचा, मराठीत वाचा, आणि अँग्लो-इंडियन, म्हणजे इथल्या इंग्रजांची, पत्रं आमच्यावर जे आरोप करत होती त्यांना हे उत्तर आहे हे ध्यानात ठेवून वाचा.

मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे जुलैत तो खटला चालला. टिळकांनी वकील न देता स्वतः बाजू मांडली, ज्युरीपुढे सुमारे २१ तास बोलले. त्यातला मोठा भाग भाषांतराबद्दल आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? सरकारी भाषांतरकाराला साक्षीला आणलं होतं, आणि त्याची उलटतपासणी टिळकांनी शब्दाशब्दावर घेतली. नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. मूळ मराठी लेख त्यांच्यापुढे इंग्रजीत गेला, आणि त्या इंग्रजीवर त्यांनी ठरवलं की मराठीत या माणसाच्या मनात काय होतं. २२ जुलैला निकाल, सात विरुद्ध दोन. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा, आणि पुढे मंडाले.

मी टिळकांची तुलना ट्रम्प यांच्याशी करत नाही. तशी पत्रं येणार म्हणून आधीच सांगून टाकतो. एक परकी सत्तेने कोंडलेला संपादक, दुसरा जगातल्या सर्वांत बलाढ्य खुर्चीवर बसलेला माणूस. मी वाचणाऱ्यांबद्दल बोलतो आहे. टिळकांचा ‘पण’ आपण आदराने वाचतो, त्याच्या पुढचं-मागचं पाहतो, अन्यायाचा संदर्भ शोधतो. आपल्याला न आवडणाऱ्या पुढाऱ्याचा ‘पण’ आला की आपण दावर साहेबांच्या ज्युरीत जाऊन बसतो.

शब्दांची मौज अशी की ‘एक्स्ट्रिमिस्ट’ला मराठीने त्याच सुमाराला काढलेला शब्द आहे ‘जहाल’. सुरतेला १९०७ मध्ये काँग्रेस फुटली ती जहाल आणि मवाळ यांत, आणि महाराष्ट्रात जहाल म्हणवून घेण्यात अभिमान होता. आज कुणी उपसंपादक निओ-नाझींना जहाल लिहीत नाही. लिहितो अतिरेकी, कट्टरपंथी, दहशतवादी, मूलतत्त्ववादी, जो हाताशी येईल तो. या चारांत फरक आहे का? आहे. पान लावताना तो कोण पाहतो? मथळ्यात किती अक्षरं बसतात यावर मी ‘अतिरेकी’ की ‘दहशतवादी’ हे ठरवलेलं आहे, आणि हे सांगताना मला आता हसूही येत नाही.

घरचं अलीकडचं उदाहरण घ्यायचं तर जयपूर. २० जानेवारी २०१३, काँग्रेसचं अधिवेशन. सुशीलकुमार शिंदे तेव्हा देशाचे गृहमंत्री. सोलापूरचा माणूस, हिंदीत बोलत होता. तपासाचा हवाला देऊन ते म्हणाले की भाजप असो की संघ, त्यांचे ट्रेनिंग कॅम्प हिंदू दहशतवाद वाढवत आहेत. समझोता एक्स्प्रेस, मक्का मशीद, मालेगाव या बॉम्बस्फोटांची नावं त्यांनी घेतली. बाहेर आल्यावर पत्रकारांनी गाठलं तेव्हा ‘हिंदू’चं ‘भगवा’ झालं, आणि यात नवीन काही नाही, हे वर्तमानपत्रांत अनेकदा आलंय, असंही. भाजपने संसद चालू न देण्याचा इशारा दिला. २० फेब्रुवारीला, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, शिंदे यांनी खेद व्यक्त केला. दहशतवादाचा कुठल्या धर्माशी संबंध जोडण्याचा हेतू नव्हता आणि त्या संघटनांचा दहशतवादाशी संबंध असल्याचं सुचवायला आधार नाही, असं त्यांचं निवेदन होतं.

जयपूरच्या भाषणाच्या रात्री ‘कॅम्प’चं काय करायचं यावर आमच्या डेस्कवर अर्धा तास गेला. एक म्हणाला, शिबिर. दुसरा म्हणाला, शिबिर म्हटलं की उन्हाळ्याच्या सुट्टीतली पोरं आणि सूर्यनमस्कार डोळ्यांपुढे येतात, मंत्र्याला ते म्हणायचं नाही, ‘तळ’ लिही. ‘तळ’ म्हटलं की पाकव्याप्त काश्मीर. शेवटी ‘कॅम्प’च ठेवलं. त्या रात्रीचा तो एक निर्णय आजही मला बरा वाटतो. जो शब्द बोलणाऱ्याने वापरला आणि वाचकालाही कळतो, तो बदलून आपण फक्त आपलं मत आत सारतो.

इथेही दोन मुद्दे वेगळे होते. शिंदे तसं म्हणाले का? म्हणाले, आणि महिन्याने मागे घेतलं. म्हणाले ते खरं होतं का? ते ठरवायचं काम तपासाचं आणि न्यायालयांचं होतं, आणि तिथली उत्तरंही एका रंगाची नाहीत. अजमेर दर्ग्यातल्या स्फोटाच्या खटल्यात २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली. मक्का मशीद खटल्यातले आरोपी २०१८ मध्ये सुटले, समझोताचे २०१९ मध्ये. मालेगावच्या २००८ च्या स्फोटात सहा माणसं गेली. त्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला निर्दोष सुटले. त्या दिवशी तुमच्यापैकी काहींनी शिंदे यांचं जयपूरचं विधान पुन्हा चालवलं, खेदाच्या निवेदनाचा उल्लेख न करता. काहींनी उलट केलं, विधानाला हातच लावला नाही. त्याच सुमारास पृथ्वीराज चव्हाण म्हणाले की ‘भगवा’ शब्द वापरू नका, ‘सनातनी’ किंवा ‘हिंदुत्ववादी’ म्हणा, आणि एका विशेषणाचा वाद दुसऱ्या विशेषणावर सरकला. सहा मेलेल्या माणसांना मारलं कुणी, हा प्रश्न विशेषणांच्या त्या गर्दीत सर्वांत खाली, म्हणजे कापायच्या जागी, जाऊन पडला.

‘जी’बद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. मार्च २०१९ मध्ये राहुल गांधी दिल्लीत भाषणात ‘मसूद अझहरजी’ म्हणाले. भाजप म्हणालं, दहशतवाद्याला मान देतात. काँग्रेस म्हणाली, तो टोमणा होता, आणि रविशंकर प्रसाद यांची ‘हाफिजजी’ म्हणतानाची जुनी चित्रफीत काढून दाखवली. दिग्विजय सिंह यांचं ‘ओसामाजी’ त्याच्याही आधीचं. टोमणा आवाजात असतो, छापलेल्या अक्षरात उतरत नाही. आणि वाहिन्यांकडे तर आवाज होता, तरी त्यांनी पुढचं-मागचं तोडून तो चार सेकंदांचा तुकडाच दिवसभर फिरवला. यात मराठीची स्वतःची एक गंमत आहे. हिंदीला ‘जी’ लावावा लागतो, आपल्याकडे मान क्रियापदात असतो. ‘म्हणाला’ लिहायचं की ‘म्हणाले’, हे ठरवल्याशिवाय आपल्याला साधं वाक्यही पुरं करता येत नाही. आरोपीला ‘तो’ करायचं कधी, अटकेच्या दिवशी की शिक्षेच्या? सुटल्यावर परत ‘ते’ करायचं का? माझ्या ३१ वर्षांत याचा लेखी नियम कुठल्याच कचेरीत पाहिला नाही. ज्याचा त्याचा कल ज्याच्या त्याच्या क्रियापदात दिसायचा, आणि सकाळी तो सगळ्या जिल्ह्याला दिसायचा.

तर मागणं काय?

पुढारी अतिरेक्यांबद्दल बोलला आणि त्याच्या वाक्यात ‘पण’ आहे, तर दोन्हीकडचं छापा. जागा नसेल तर चौकट द्या, एका कॉलमात बोटभर उंचीची. सिनेमाच्या जाहिरातीला देता त्याहून कमी जागा लागेल. बोलणं प्रश्नाच्या उत्तरात असेल तर प्रश्न छापा, कारण निम्मे अर्थ प्रश्नात असतात. हिंदीत बोलला असेल तर ते वाक्य हिंदीतच द्या, महाराष्ट्रातल्या वाचकाला तेवढी हिंदी येते. इंग्रजीत बोलला असेल आणि एखाद्या शब्दावरच भांडण असेल, तर तो शब्द देवनागरीत ठेवा आणि त्याची दोन भाषांतरं होऊ शकतात हे अर्ध्या ओळीत सांगा. वाचकाला त्याने अपमान वाटत नाही. खेद, खुलासा, माघार ज्या पानावर मूळ विधान आलं त्याच पानावर येऊ द्या. शिंदे यांचा खेद आम्ही सातव्या पानावर, बाजारभावांच्या शेजारी टाकला होता. वाहिन्यांनी बाइट चालवावा, जरूर चालवावा, फक्त वक्त्याचा श्वास संपायच्या आत तोडू नये.

आणि तज्ज्ञांना चर्चेला बोलावता तेव्हा निवेदकाने पहिल्या पाच मिनिटांत एवढंच ठरवून घ्यावं की आज आपण ‘तो काय म्हणाला’ यावर बोलतोय की ‘म्हणाला ते खरं का’ यावर. मी घरी बसून अशा चर्चा वही घेऊन ऐकतो. सहापैकी सहा जण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत एकमेकांवर ओरडत असतात, आणि सहाही जण बहुतेक वेळा बरोबर असतात. हा खर्च तुमच्या स्टुडिओच्या दिव्यांचा आहे, म्हणून कळवतो.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, एवढं केलं तर अतिरेक्यांची वकिली होईल, पुढाऱ्याला पळवाट मिळेल. माझा अनुभव उलटा आहे. १७ ऑगस्ट २०१७ चा माझा मथळा चुकला, त्यामुळे माझ्या भाच्याने आणि त्याच्यासारख्या अनेकांनी मशालींच्या त्या रात्रीबद्दल वाचायचंच सोडून दिलं. पेपरवाले खोटं लिहितात एवढं त्यांना पुरलं. पूर्ण वाक्य छापलं असतं तर त्यांना पुढचा प्रश्न विचारता आला असता: बरं, मग ती चांगली माणसं दाखवा. तो प्रश्न आम्ही सगळ्यांनी मिळून बुजवला.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त उपसंपादक

ता. क. पत्र लांबलंय याची कल्पना आहे. छापायला जागा कमी पडली तर कृपया वरून कापा.